माळ बंद कुणासाठी?

हेडफोन घरी विसरलाय, किंवा कंपनीच्या बसमध्ये शेजारचा घोरतोय म्हणून ऐकता येत नाहीये, अशांसाठी ही आजच्या भागाची लिखित प्रत. बोलताना जिथे जिथे "म्हणजे, म्हणजे" केलं ते काढलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय माळरान. आणि त्यावर धावणारे आपण.

आधी एक गोष्ट मान्य करू. पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण इथे राहणारे आपण बरेचसे लोक मुळात माळावरच राहतो. तो आता दिसत नाही इतकंच. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६० च्या आसपास आकुर्डीला बजाज आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को. १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे २००९-१० च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आल्या. या सगळ्यांच्या खाली जी जमीन गेली त्यात शेती होती, गायरान होतं आणि माळ होता. शेतीचा मोबदला ठरवताना भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. माळासाठी कोण भांडणार? तो तर "रिकामा" होता.

अजून थोडा उरलाय. दिघीच्या टेकड्यांच्या अंगाला आहे, घोरावडेश्वरच्या उतारावर आहे, तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेला प्लॉटिंगच्या बोर्डांच्या मधेमधे आहे, भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी आहे. आणि रविवारी पहाटे साडेपाचला तिथे आमच्यासारखी मंडळी हेडलॅम्प लावून धावत असतात. डांबरावर पळून गुडघे गेले की माणूस मातीकडे वळतो. आयटीत आठ-दहा तास खुर्चीत बसणाऱ्याला ती एक सकाळ किती लागते हे मी काय सांगू.

तर आमच्या रनिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिलमध्ये भांडण पेटलं. ग्रुपमधला एकजण पक्षीनिरीक्षण करतो. त्याने एका माळाचा फोटो टाकला, त्यावर लाल गोल काढला आणि लिहिलं: "या तुकड्यात टिटव्यांची आणि चंडोलांची घरटी आहेत, पावसाळा संपेपर्यंत इथून जायचं टाळूया." त्यावर लगेच उत्तर आलं: "शेजारी खडी क्रशर चालू आहे. डंपर चालतात. प्लॉटिंग चालतं. आणि बंदी कुणाला, तर आमच्या बुटांना?"

या उत्तरावर अठ्ठावीस थम्स-अप पडले. मला वाटतं, ते थम्स-अप चुकीच्या माणसांचे नव्हते. प्रश्न खराच आहे. त्याचं उत्तर शोधायला मी जरा मागे गेलो, आणि मागे गेलो तर लक्षात आलं की हा वाद आपल्या ग्रुपपेक्षा बराच जुना आहे. माळ कुणासाठी तरी बंद ठेवायचा, ही कल्पना आपल्या भाषेतच मुरलेली आहे.

पण त्याआधी दोन मिनिटं पक्ष्यांवर, कारण घरटं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाड येतं.

माळावर झाड नसतं. त्यामुळे तिथले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी तर घरटं असं बांधतच नाही. जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात खड्यांच्याच रंगाची साधारण चार अंडी. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, रातवा, सगळ्यांचा हाच प्रकार. रंग इतका बेमालूम की अंडी पायाखाली जाईपर्यंत दिसत नाहीत. यातल्या बऱ्याच जणांचा हंगाम उन्हाळ्यात असतो, साधारण मार्चपासून. तित्तिर, लावे, बरेचसे चंडोल यांचं पावसाळ्यात गवत उगवल्यावर चालतं.

आता यात धावणाऱ्याचा त्रास नेमका काय? पाय पडून अंडं फुटणं हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा: आपण जवळ गेलो की पक्षी उठतो. टिटवी आरडाओरडा करत डोक्यावर घिरट्या घालते, आणि आपल्याला वाटतं ती आपल्यावर चिडलीये. चिडलेली असतेच, पण तेवढ्या वेळात अंडी उघडी पडतात. मे महिन्यात सकाळी नऊनंतर माळावरचा दगड हातात धरवत नाही. तिथे पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. वर घिरट्या पाहून कावळ्याला आणि मोकाट कुत्र्याला कळतं की इथे काहीतरी आहे. एक धावणारा गेला तर फरक पडत नसेल. वीस जणांचा ग्रुप दोन-दोन मिनिटांच्या अंतराने गेला तर पक्षी तासभर खाली बसतच नाही.

हे झालं जीवशास्त्र. आता इतिहास.

"कुरण" हा शब्द आज आपण बहुतेक एकाच वाक्यात वापरतो, "अमुक खातं म्हणजे भ्रष्टाचाराचं कुरण". मूळ अर्थ मात्र राखून ठेवलेला गवताचा माळ. कुणाचीही गुरं तिथे कधीही शिरायची नाहीत, गवत वाढू द्यायचं, आणि ठरलेल्या वेळी कापायचं. जुन्नर तालुक्यात तर कुरण नावाचं गावच आहे. घोडदळावर चालणाऱ्या राज्याला गवत म्हणजे डिझेल. १६६० मध्ये शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने जवळपास दोन महिने किल्ला झुंजवला. त्या गोष्टीत आपण तोफा, सुरुंग, बुरूज हे सगळं ऐकतो. पण दोन महिने हजारो घोडे काय खात होते, हे कुणी सांगत नाही. भोवतालचा माळच खात असणार, दुसरं काय. पुढे पेशवाईतही सरकारी कुरणं राखली जात, त्यावर रखवालदार असत.

म्हणजे माळ बंद ठेवणं इथे नवीन नाही. बंद घोड्यांसाठी होता, आणि कुलूप सरकारच्या हातात होतं. पण त्यात एक गोष्ट होती जी मला आपल्या वादासाठी महत्त्वाची वाटते. ते कुलूप बारमाही नसायचं. गवत कापून झालं की त्याचं काम संपलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद केला नव्हता, मेंटेनन्स विंडो ठेवली होती.

इंग्रज आले आणि दोन गोष्टी बदलल्या. पहिली कागदावर. ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती "वेस्ट". पडीक. शब्द चिकटला तो आजपर्यंत सुटलेला नाही. आजही सरकारी वर्गवारीत माळरानाचा मोठा भाग पडीक म्हणूनच मोजला जातो, आणि म्हणून तो कारखान्याला द्यायला सोपा, सोलरला द्यायला सोपा, आणि हे ऐकून काहींना राग येईल, पण वृक्षारोपणालाही सोपा. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने लावलेली ग्लिरिसिडियाची रांगच्या रांग आठवा. हिरवं दिसतं, सेल्फी छान येतो. चंडोलाच्या दृष्टीने मात्र तिथे राहायला जागा उरत नाही. दर जूनमध्ये एखादी संस्था टी-शर्ट वाटून माळावर खड्डे खणते तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं, पण उत्साह पाहून जीभ आवरते.

दुसरी गोष्ट कायद्यात. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर, दऱ्या, चराऊ राने सरकारी झाली, चराईवर पट्टी आली. याबद्दल सगळ्यात तिखट लिहिणारा माणूस आपल्या पुण्याचाच. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या "शेतकऱ्याचा असूड" मध्ये फॉरेस्ट खात्याने गरिबांची शेरडंमेंढरं चरायची जागासुद्धा ठेवली नाही, अशी तक्रार मांडली आहे. आपण फुले वाचतो ते शिक्षणासाठी आणि जातीसाठी. माळासाठीही वाचायला हवेत. कारण "निसर्ग राखतोय" म्हणत दार बंद केलं की बाहेर कोण राहतं, हे त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

आणि ज्यांच्यासाठी दार उघडं होतं ते काय करत होते? अहमदनगर भागात एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. नऊशे एकसष्ट. एका माणसाने. नगर म्हणजे चाकणपासून गाडीने दोन-तीन तासांवर. आज साऱ्या भारतात मिळून माळढोक दीडशेच्या आत उरलेत आणि महाराष्ट्रात एखादी मादी दिसली तर पेपरात बातमी येते.

इथे थोडा वेळ इंग्लंडला जाऊ, कारण धावणाऱ्यांचा आणि घरट्यांचा वाद तिथे सगळ्यात जास्त कागदपत्रं ठेवून झालाय. तिथल्या उंच, झाडं नसलेल्या माळांना मूर म्हणतात. आपला माळ कोरडा आणि दगडाळ, त्यांचा ओला, दलदलीचा, हेदरच्या झुडपांचा. पण घरटी तिथेही जमिनीवर, आणि लोकांना तोही रिकामाच वाटतो. एकोणिसाव्या शतकात हे मूर जमीनदारांनी ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखले. दरवर्षी १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम उघडतो. बाकी वर्षभर रखवालदार हातात काठी घेऊन चालणाऱ्यांना हाकलायचे. कारण काय सांगायचे? पक्ष्यांना त्रास होतो! ज्यांना ऑगस्टमध्ये गोळी घालायची त्यांना एप्रिलमध्ये त्रास व्हायला नको, असा तो जिव्हाळा.

मँचेस्टर हे तेव्हाचं त्यांचं पिंपरी-चिंचवड समजा. गिरण्या, वर्कशॉप, धूर. आठवडाभर मशीनवर राबणारी पोरं रविवारी जवळच्या डोंगरांकडे निघायची आणि गेट बंद. २४ एप्रिल १९३२ ला बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा काही शे लोकांना घेऊन किंडर स्काउट या माळावर मुद्दाम घुसला. झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. शिक्षा ऐकून देशभर लोक संतापले आणि पाच माणसांची गोष्ट चळवळीची झाली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये तोच डोंगराळ भाग पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० साली चालणाऱ्याला मूरवर मुक्तपणे फिरण्याचा हक्क कायद्याने मिळाला. २००२ मध्ये, सत्तर वर्षांनी, त्या जमीनदार घराण्याच्या तेव्हाच्या ड्यूकने जाहीर माफी मागितली.

आता ज्या भागासाठी मी हे सगळं सांगितलं तो. हक्क मिळाला त्याच २००० च्या कायद्यात बंधनही लिहिलं होतं: १ मार्च ते ३१ जुलै, म्हणजे घरट्यांच्या हंगामात, या माळांवर कुत्रा आखूड पट्ट्यावरच ठेवायचा. गरज पडली तर एखादा भाग पक्ष्यांसाठी ठरावीक काळ बंदही करता येतो. ज्या लोकांच्या आजोबांनी माळ उघडण्यासाठी तुरुंग भोगला, ते हे बंधन पाळतात. कारण दार आता त्यांच्यासाठीही उघडतं. माझ्या मते हाच फरक मोठा आहे. माळावर आपला काही हक्कच नसेल तर बंदी हा अपमान वाटतो. हक्क असेल तर तीच बंदी नियम वाटते.

तिथलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पेनाइन वे नावाची लांब पल्ल्याची पायवाट एका माळावरून जाते. चिखल इतका की लोक वाट सोडून आजूबाजूने चालायचे, आणि वाट रुंद होत जायची. तिथे गोल्डन प्लोव्हर नावाचा पक्षी घरटी करतो, आपल्या टिटवीच्याच गोतावळ्यातला. अभ्यासकांनी मोजलं तर पिल्लं असताना हे पक्षी वाटेपासून दोनशे मीटरपर्यंतची जागा टाळत होते. मग १९९० च्या दशकात त्या वाटेवर दगडी फरशा टाकल्या. पाय कोरडे राहायला लागले तसे जवळजवळ सगळे लोक वाटेवरच चालायला लागले. आणि पक्ष्यांचं टाळणं दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आलं. माणसं कमी केली नव्हती. बोर्ड लावून दम दिला नव्हता. वाट नीट केली. टिटवीच्या नातलगांना माणसाची भीती आहेच, पण माणूस कुठून येणार हे ठाऊक असलं की ती बरीच कमी होते. एखाद्या इंजिनिअरने हे ऐकून खूश व्हावं अशी ही गोष्ट आहे, मी तर झालो.

आता परत घरी येऊ, कारण इथे आपल्याकडे याच्या अगदी उलटं घडलं आणि त्याची किंमत एका पक्ष्याने आणि हजारो शेतकऱ्यांनी दोघांनीही मोजली.

१९७९ मध्ये महाराष्ट्र सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केलं. सोलापूरजवळचं नान्नज हे त्याचं मुख्य ठिकाण. हेतू उत्तम. त्याआधी डॉ. सलीम अलींनी माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून आग्रह धरला होता, पण १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. त्यामुळे माळढोकासाठी काहीतरी होतंय याचाच अनेकांना आनंद होता. पण नकाशावर रेघ मारताना हात सैल सुटला. क्षेत्र धरलं ८,४९६ चौरस किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दोन गोव्यांहून मोठं अभयारण्य, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचे तालुकेच्या तालुके आत. त्यात गावं, ऊस, द्राक्षबागा, रस्ते, तालुक्याची ठिकाणं. माळढोक लागतो त्या उघड्या गवताचे तुकडे या सगळ्यात विखुरलेले, थोडेसे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्याची अधिसूचना निघाली की आतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवीन हक्क मिळवता येत नाही. पोरीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे असतील तर अडचण. विहिरीला, रस्त्याला, घराला परवानगीची अडचण. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही त्याच्या सातबाऱ्यावर माळढोक येऊन बसला. मध्य प्रदेशात करेराला याच पक्ष्यासाठी असंच झालं. अभयारण्य झालं, जमिनीच्या व्यवहारावरून लोक चिडले, आणि १९९० च्या दशकात तिथून माळढोक नाहीसाच झाला. आपल्याकडे बरीच वर्षं कागदपत्रं फिरली आणि २०१२ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने नान्नजचं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर तीस वर्षं गेली होती. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तीस वर्षं वाया घालवणं तिला परवडणारं नव्हतं.

नान्नजमध्ये पक्षी फक्त बंदीच्या रागामुळे गेला असं मला म्हणायचं नाही. उसाचं पाणी आलं, माळ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. पण एवढ्या सगळ्याशी लढताना गावकरी ज्याच्या बाजूला हवे होते, तो पक्षी त्यांना शत्रूसारखा दिसायला लागला होता. आठ हजार चौरस किलोमीटर बारमाही बंद करण्याऐवजी योग्य शंभर तुकडे योग्य पाच महिने राखले असते तर? इतिहासात "असं झालं असतं तर" विचारू नये म्हणतात. मी इतिहासकार नाही, बीटेक आहे, मी विचारतो.

आता त्या व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नाकडे. क्रशर चालतो आणि बंदी बुटांना का?

याला माझं उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग थोडे कडू आहेत.

एक, हा संशय बरोबर आहे. ग्राउसच्या मालकांनी पक्ष्यांचं नाव पुढे करून माणसं हाकलली. फुल्यांच्या काळात जंगलाच्या नावाने मेंढपाळ हाकलले गेले. उद्या एखाद्या टेकडीला पक्ष्यांच्या नावाने कुंपण पडलं, सकाळी चालणारे-धावणारे तिथून उठले, आणि दोन वर्षांनी त्याच कुंपणात बुलडोझर शिरला, तर बघणारा साक्षीदार कोण असेल? माळावर रोज येणारा माणूस हा माळाचा पहारेकरीही असतो. बेकायदा मुरूम उपसा पहिल्यांदा कोण पाहतं? ऑफिसात बसलेला अधिकारी नाही, पहाटेचा धावणारा आणि मेंढरं घेऊन आलेला धनगर. म्हणून सरसकट, बारमाही बंदी मला मान्य नाही.

दोन, क्रशर चालतो म्हणून अंडी तुडवायचा परवाना मिळत नाही. वन्यजीव कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणंही येतं. क्रशरविरुद्ध अर्ज करायचा असेल तर तो करूच. पण त्या अर्जावर सही करणाऱ्याचे हात स्वच्छ, म्हणजे इथे बूट स्वच्छ, असले तर अर्जाला वजन येतं. "टिटवी देखील समुद्र आटवते" ही म्हण आहे आपल्याकडे. तिच्या बाजूने अर्ज करणाऱ्यांनी तिची अंडी तरी सांभाळावीत.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे हे गणित इंग्लंडपेक्षा सोपं आहे. आपला रेसचा हंगाम बघा. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, आणि ती डिसेंबरची. बहुतेक मोठ्या रेस ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. त्या काळात माळावर घरटी जवळपास नसतात. गवत सोनेरी झालेलं असतं, हवा थंड असते, बिनधास्त पळा. अडचण मार्च ते ऑगस्टची आहे. त्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तसंही कुणाची पेस येत नाही! पावसाळ्यातला हिरवा माळ सोडवत नाही, हे मान्य. पण तेव्हाही अख्खा माळ सोडायचा नाहीये. मळलेली बैलगाडीची वाट धरायची, एकामागे एक जायचं, रील काढायला गवतात शिरायचं नाही, आणि कुत्रा आणायचाच तर दोरीने. गोल्डन प्लोव्हरचे दोनशे आणि पन्नास मीटर लक्षात ठेवायचे.

मोठ्या रेसचंही असंच बघता येतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ऐन पावसाळ्याच्या शेवटी होते, कासच्या दिशेने चढत जाते, हजारो लोक धावतात. पण धावतात डांबरी घाटरस्त्यावर. कासच्या सड्यावर कुणी धावत नाही. ते पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे दिवसाला किती लोक यावेत याला मर्यादा आहे, आणि तिकिटाचं काम आजूबाजूच्या गावांची समिती बघते. तिथेही कुंपण घालून पाहिलं गेलं आणि गुरं आत गेली नाहीत तर फुलांचं काय होतं यावर मोठा वाद झाला. माळाला थोडी चराईसुद्धा लागते, नाहीतर उंच गवत बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. निव्वळ कुलूप लावून माळ टिकत नाही, ही गोष्ट धनगरांना विद्यापीठांच्या आधीपासून माहिती होती.

आपल्याच जिल्ह्यात २०२४ मध्ये वनखात्याने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेल्या वाटा, ऑनलाइन बुकिंग, सोबत गावातला गाइड. लांडगा, चिंकारा, धाविक बघायला लोक पैसे देतात आणि पैसे गावात राहतात. ज्याला सरकारी कागद पडीक म्हणतो त्याच्यावर तिकीट लागलं, ही मला तरी क्रांतीच वाटते.

पिंपरी-चिंचवडच्या टेकड्यांवर असं काही अजून नाही. इथे जमिनीचे तुकडे वनखातं, संरक्षण खातं, महापालिका, एमआयडीसी आणि खासगी मालक यांच्यात इतके वाटलेले आहेत की एका लाँग रनमध्ये माणूस चार हद्दी ओलांडतो. कुणी एकाने नियम करेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणून ग्रुपवर मी एवढंच मांडलं: १ मार्चला आपण आपला रूट मॅप बदलायचा, घरट्यांचे तुकडे वगळायचे, आणि पाऊस संपला की परत जोडायचे. घरट्यांची नेमकी जागा मात्र मॅपवर टाकायची नाही. पिन टाकली की फोटोवाले पोचतात, ते कुत्र्यांपेक्षा चिवट. वगळलेला भाग मोठा आणि मोघम ठेवायचा. शेजारच्या वाडीतल्या मेंढपाळांना विचारून ठेवायचा, कारण कुठे टिटवी बसलीये हे त्यांना आपल्या ॲपआधी कळतं. ते स्वतः तर हिवाळ्यात मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर वर येतात. हंगामाप्रमाणे वाट बदलायची हे त्यांना नवीन नाही.

यावर ग्रुपमध्ये अकरा जण हो म्हणाले, चौघे नाही म्हणाले, आणि बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगचे फोटो टाकले. नाही म्हणणाऱ्यांपैकी एकाने विचारलं की नेमके किती दिवस? तर टिटवीची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. पिल्लं बाहेर आली की काही तासांत स्वतःच्या पायांवर चालायला लागतात आणि आईमागून खळगा सोडून जातात. पहिली अंडी गेली तर ती पुन्हा घालते, मग पुन्हा चार आठवडे. म्हणजे आपण मार्चमध्ये नीट वागलो तर जूनपर्यंत वाट बघायला लागण्याची शक्यता कमी. हा हिशोब त्याला पटला. त्याचं ट्रेनिंग प्लॅनही चार आठवड्यांच्या ब्लॉकमध्येच असतं.